पिशवीचा कागद

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी हसलो. हसायची वेळ नव्हती. समोर पडद्यावर माझी डावी किडनी होती आणि तिच्यात तीन गाठी होत्या. वरच्या टोकाला एक लिंबाएवढी, आणि मध्यावर दोन, बोरांएवढ्या. हे डॉक्टर महिन्यातून दोन शनिवारी संभाजीनगरहून बीडला येतात, जालना रोडमागच्या एका दवाखान्यात बसतात आणि दुपारी दोनला गाडीत बसून परत जातात, त्यामुळे प्रश्न भराभर विचारतात. वडील कशानं गेले? हार्टनं. आई? साप चावून, उसाच्या फडात. घरात कुणाच्या अंगावर, दंडावर, पाठीवर बारीक दुखऱ्या गाठी? नाही. मग त्यांनी विचारलं, "घरातल्या कुणा बाईची गर्भपिशवी काढलीय का, सर? आई, बहीण?" बीड जिल्ह्यात बसून हा प्रश्न! मी हसलो आणि म्हणालो, "डॉक्टर, कुणाची राहिलीय ते विचारा. तिचं नाव लवकर सांगता येईल." ते हसले नाहीत. माझी बायको वनमाला शेजारी बसली होती, तीही हसली नाही.

त्याआधीची पंधरा मिनिटं मात्र फार चांगली गेली होती. खोटं वाटेल, पण किडनीत तीन गाठी निघालेल्या माणसाचीसुद्धा पंधरा मिनिटं चांगली जाऊ शकतात. पाठ दुखते म्हणून सोनोग्राफीला गेलो, तिथून सीटी स्कॅनला, तिथून इथं. आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं एकच वाक्य ऐकवलं होतं, एक काढली तरी दुसरी असते ना. ज्यांच्या क्लासमध्ये मी बायॉलॉजी शिकवतो ते रविराजसाहेब तर म्हणाले, "काढून मोकळे व्हा सर, जूनच्या बॅचपर्यंत उभे राहाल." हे डॉक्टर तसं बोलले नाहीत. एकाच किडनीत एकापेक्षा जास्त गाठी निघाल्या की उलट जास्त जपून वागायचं, ते म्हणाले. हे बऱ्याचदा घरातून, रक्तातून आलेलं असतं. उद्या उजवीत आलं तर काय करणार? म्हणून डावी फेकायची नाही. किडनीकडं जाणारं रक्त चिमट्यानं थोडा वेळ थांबवायचं, पंचवीसएक मिनिटांत तिन्ही गाठी एकेक करून सोलून काढायच्या, जागा शिवायची, चिमटा सोडायचा. काम किचकट, रक्त जाण्याचा धोका जास्त, पण किडनी आपली आपल्याजवळ राहते. "चांगला भाग एक ग्रॅमही वाया घालवायचा नाही," असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता. वीस वर्षं मी आधी सीईटीच्या आणि आता नीटच्या पोरांसमोर फळ्यावर हीच किडनी रंगीत खडूंनी काढत आलोय आणि एकेकीत दहा लाख नेफ्रॉन असतात असं घसा फोडून सांगत आलोय. त्यातली एखादी माझीही आहे आणि ती कुणी वाचवावी, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. आमच्या घरात शरीराच्या कुठल्याच भागाबद्दल इतक्या आदरानं कुणी बोललं नव्हतं. दाढ दुखली, उपटा. नख सडलं, काढा. आमचे वडील, बबनराव, ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते. दसरा झाला की पाटोद्याकडच्या आमच्या गावातून वीस-पंचवीस जोडपी ट्रकमध्ये भरून साखर कारखान्यांकडं न्यायचे, आणि माणूस असो की बैल, त्यांच्याकडं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, कटकट काढून टाकायची.

"कोणत्या वयात काढली आणि गाठींमुळे काढली का, तेवढं सांगा," डॉक्टर म्हणाले. मी सांगणारच होतो. निदान आज मला तसं वाटतं. पण वनमालेला डॉक्टरसमोर गप्प बसवत नाही. "वन्संच्या होत्या ना गाठी," ती म्हणाली. "ह्यांची मोठी बहीण. सत्तावीसच्या होत्या तेव्हा. ह्यांनीच बीडला आणलं होतं, रिपोर्टसुद्धा ह्यांनीच वाचला. वेळेवर काढली म्हणून वाचल्या, नाहीतर कॅन्सरच व्हायचा होता." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "बरोबर आहे, सर?" आणि मी मान हलवली. विचार करून हलवली असती तर त्याला पाप तरी म्हणता आलं असतं. बावीस वर्षं ही गोष्ट आमच्याकडं लग्नाकार्यात, बारशात सांगितली जातेय. ती सुरू झाली की मान हलवायचं काम माझं. मान आपोआप हलली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या गाठींची एक जात असते, ते म्हणाले, तिच्यात घरातल्या बायकांना तरुणपणीच पिशवीत गाठी होतात आणि त्याच घरात कुणाच्या तरी किडनीतही होतात. ती जात वाईट; गाठ लहान असली तरी पसरते. तिथं सोलत बसायचं नाही. "मग पूर्ण किडनी काढू. रक्ताची तपासणी पाठवतो, पण तिचा रिपोर्ट यायला महिना-दीड महिना, आणि ही ती जात असेल तर तेवढं थांबणं बरं नाही. पुढच्या फेरीत तारीख ठरवू." दोन मिनिटांत माझी किडनी गेली. बहिणीच्या पिशवीला तर तेवढीही लागली नव्हती.

रिक्षात वनमाला रडली नाही, नुसती पर्सची चेन उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, "सायलीला पण असेल का हो हे?" सायली आमची एकुलती एक, बारावीला आहे, माझ्याच क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसते आणि मला सर म्हणते. मी म्हणालो, ती जात नसेलच. "तुम्हाला काय माहीत?" तेवढ्यात बार्शी नाक्यावर एक टमटम आडवी आली, तिच्या ड्रायव्हरला मी जी शिवी दिली ती देण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं, आणि प्रश्न तिथंच राहिला. सायलीच्या रक्तात काय आहे ते मला माहीत नव्हतं. पण माझ्या बहिणीच्या पिशवीत गाठ नव्हती, एकही नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. हे माहीत असलेला दुसरा माणूस म्हणजे ती काढणारा डॉक्टर, आणि तो दहा वर्षांपूर्वी वारला. त्याच्या अंत्ययात्रेला मी गेलो होतो. का गेलो होतो ते मला सांगता येत नाही.

बावीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधीचा पितृपाटा, म्हणजे पितृपक्ष, चालू होता. मी चोवीस वर्षांचा, बीएस्सी झालेला, गावातला पहिला, बी.एड.चा फॉर्म भरायचा होता आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. छबुअक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, दोन मुलींची आई. आदल्या हंगामात तिच्या ओटीपोटात सतत दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं, पहाटे थंडीत फडात उभी राहिली की मध्येच खाली बसायची. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. बायको बसली की कोयता अर्धा. तिचा नवरा उत्तरेश्वर रोज भांडायचा, आणि दादांना, आमच्या वडिलांना, जावयापेक्षा टोळीची काळजी जास्त. "दसऱ्याच्या आत निपटून टाक," ते मला म्हणाले. "तू शिकलेला हायस. जा तिला घिऊन बीडला." गेलो. दवाखान्यात बाकावर आमच्याच भागातल्या बाया रांगेनं बसल्या होत्या. डॉक्टरनं तिच्या पोटावर मशीन फिरवलं, पडद्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही, आणि म्हणाला, "गाठ हाय पिशवीला. ठेवली तर कॅन्सर. आजच ॲडमिट करा." आमच्या आधीच्या तिघींना त्यानं हेच सांगितलेलं मी दारातून ऐकलं होतं, शब्दाला शब्द. मग त्याच्या माणसानं माझ्या हातात रिपोर्टचं पाकीट दिलं. देताना तो बेफिकीर होता, कारण तिथं येणाऱ्यांपैकी कुणाला इंग्रजी येत नसे. मी जिन्यात उभा राहून ते उघडलं. युटेरस नॉर्मल इन साइज अँड शेप. नो मास लिजन सीन. पिशवी ठीक, गाठ नाही, एवढी दोन वाक्यं तर मला बारावीतही कळली असती.

मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. बापाची भीती, डॉक्टरची दहशत, काहीतरी ज्याच्याकडं बोट दाखवता येईल. तसलं काही नव्हतं. ऊन होतं, मला भूक लागली होती, आणि तिला ॲडमिट करून चारच्या गाडीनं निघालो तर उद्या सकाळी फॉर्म भरून होणार होता. वर जाऊन डॉक्टरशी वाद घातला असता तर त्यानं मला हाकललं असतं. मग दुसरा दवाखाना, दुसरी रांग, गावी जाऊन दादांना समजावणं, आणि तारीख गेली असती. शिवाय आत कुठंतरी असंही होतं की पिशवी ठेवून तरी काय करायचंय, दोन लेकरं झालीत, काढली की दुखायचं थांबेल. बीएस्सी झालेल्या माणसाच्या डोक्यात हे होतं. तिच्या अंगावरून जात होतं ते साधं इन्फेक्शन, आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांनी गेलं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी पुढं स्वतःला सांगत आलो, पण पुस्तकात होतं आणि पुस्तक मी वाचलेलं होतं. अक्का खाली बाकावर दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. मला बघून तिनं विचारलं, "काय लिवलंय रं, रामा?" मी म्हणालो, "गाठ हाय." ती म्हणाली, "अगं माय." मग, "बरं झालं तू संगं व्हतास." पाकीट मी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म वेळेत भरला.

पुढचं सगळं सरळ झालं. दसऱ्यानंतर, टाक्यांना महिनाही झाला नव्हता, ती ट्रकमध्ये चढली. त्या हंगामात ती बसली नाही हे खरं. दादा खूश होते. मग तिच्या अंगाचा भडका व्हायला लागला, थंडीतही लुगडं ओलं व्हायचं, हाडं दुखायची, झोप गेली. पिशवीबरोबर तिचं आणखी काय काय काढलं होतं ते कुठल्या कागदावर नव्हतं. तिसऱ्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून पडली आणि कंबर गेली. उत्तरेश्वरनं पुढच्या वर्षी कोयत्याला दुसरी बाई आणली, आणि पुढं घरातही आणली. तिशीत अक्का पन्नाशीची दिसत होती. ती कधी रडली नाही, कारण तिच्याजवळ कारण होतं. गाठ होती. काढली नसती तर मेले असते. कंबर गेली, नवरा गेला, जीव राहिला, आणि तो भावानं राखला. मी बीडला नोकरीला लागलो, लग्न झालं, दर रक्षाबंधनाला ती पाटोद्याच्या गाडीनं यायची आणि बायकांत बसून तेच सांगायची. पहिल्या वर्षी गाठ लिंबाएवढी होती. सायलीच्या बारशापर्यंत ती कवठाएवढी झाली. मी मान हलवत होतो. लोक मला समजूतदार भाऊ म्हणत आणि मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

दोन दिवस मी काढले. काय काढले, क्लासमध्ये उभा राहून शिकवतही होतो. पण फळ्यावर काही काढायला गेलं की हात डाव्या बरगडीखाली जायचा. ती आत होती, अजून चालू होती, तिच्यातले दहा लाख नाही तरी सहा-सात लाख नेफ्रॉन मुकाट्यानं आपलं काम करत होते, आणि मी एक वाक्य बोललो नाही म्हणून ती फेकली जाणार होती. मला तिची दया यायला लागली. स्वतःच्या किडनीची दया येणारा माणूस मी याआधी पाहिला नव्हता. बहिणीच्या वेळी ही दया कुठं होती, असं कुणी विचारेल; मीही विचारलं, आणि उत्तर न देता पुढच्या तासाला गेलो. शेवटी क्लासच्या गच्चीवर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. म्हणालो, बहिणीच्या गाठीचं नक्की नसावं. "नसावं म्हणजे?" डॉक्टर म्हणाले. "त्या दिवशी तर तुम्ही हो म्हणालात. सर, हे तुमच्या जिवाशी आहे, मी फोनवरच्या नसावंवर किडनी ठेवणार नाही. कागद असेल तर आणा. आणि बहिणीलाही आणा, मला त्यांची कातडी बघायचीय, दोन प्रश्न त्यांनाच विचारतो." कागद होता. बी.एड.च्या, बीएस्सीच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये, एका प्लास्टिकच्या पिशवीत, तसाच घडी केलेला. तीन भाड्याची घरं आणि एक स्वतःचं झालं, तो प्रत्येक ठिकाणी माझ्याबरोबर आला. मी तो कधी उघडला नाही, आणि कधी फाडलाही नाही.

अक्का शुक्रवारी दुपारी आली. स्टँडवर मी न्यायला गेलो होतो. ती गाडीतून आडवी होऊन, दांडी धरून, एकेक पायरी उतरली, आणि खाली पाय टेकताच माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "लई वाळलास की रं," ती म्हणाली. "नारायणगडावर नारळ बोललेय तुज्यासाठी. बरा झालास की दोगं जाऊ." पिशवीत तिनं शेंगा आणल्या होत्या आणि सायलीसाठी तिळाची चटणी. घरी आल्याआल्या तिनं सायलीला जवळ बसवलं आणि मेथी निवडता निवडता सुरू केलं, तुज्या बापानं मला कसं वाचवलं. आता गाठ डॉक्टरनं तबकात आणून दाखवली होती. अक्का, तू तेव्हा भुलीत होतीस ना, असं सायलीनं विचारलं नाही. मी समोर खुर्चीवर बसलो होतो. आज सांगावं, हिला आधी सांगावं, उद्या परक्या माणसासमोर कळायला नको, एवढं तरी मी देणं लागतो, असं वाटत होतं, खरंच वाटत होतं. सायली आत गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, त्या गाठीचं..." तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "भेऊ नगंस," ती म्हणाली. "मला बी व्हतीच की. काडली, हाय का न्हाई जित्ती? तुजी बी काडत्याल. त्यात काय?" माझ्याच खोट्यानं ती माझी समजूत घालत होती. मी म्हणालो, बरं. आणि चहा प्यालो.

माझा बेत असा होता. अक्काला इंग्रजी येत नाही. डॉक्टर तिला विचारतील, ती गाठ होती म्हणेल, मी काही न बोलता कागद पुढं सरकवेन. ते मनात वाचतील, त्यांना कळेल, आणि हुशार माणूस असल्यामुळे ते गप्प बसतील. किडनी राहील आणि अक्काची गाठही राहील. हा बेत मला शनिवारी सकाळी दाढी करताना इतका पटला की मी स्वतःवर खूश झालो. केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो, मी, वनमाला, अक्का. नर्सनं अक्काला पडद्यामागं नेऊन दंड, पाठ दाखवायला लावली. अंगावर गाठी नव्हत्या, उसाच्या पातीनं ओरखडलेल्या जुन्या खुणा तेवढ्या होत्या. "बाई, पिशवी का काढली होती तुमची?" डॉक्टरांनी विचारलं. "गाठ व्हती, साहेब. कवठायेवढी." "तुम्ही पाहिली?" अक्का क्षणभर अडखळली. "म्या कशी बघन? भूल दिलती. पर ह्यानं वाचलं ना, विंग्रजीत. लई शिकलेला हाय ह्यो." आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं की आता तूच सांग. मी खिशातून पाकीट काढलं आणि टेबलावर सरकवलं.

वाईट बातमी डॉक्टर मनात वाचतात. चांगली बातमी ते मोठ्यानं सांगतात, हे मी विसरलो होतो. "अहो सर!" ते जवळजवळ ओरडलेच. "इथं तर काहीच नाही! पिशवी एकदम नॉर्मल. दोन्ही अंडाशय नॉर्मल. गाठबीठ काही नाही. छान! फार छान!" त्यांनी कोरा कागद ओढला, माझी किडनी काढली, तिच्यात तीन गोल काढले आणि प्रत्येक गोलाभोवती पेन फिरवत बोलू लागले. शंभर टक्के असं कुणीच सांगू शकत नाही, रक्ताची तपासणी पाठवूच, पण आता पारडं आपल्या बाजूला आहे. आत गेल्यावर काही वेगळं दिसलं तर बघू, नाहीतर ही किडनी वाचवायची. मंगळवारी या संभाजीनगरला. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? पायापासून वर चढत आला, थांबवता येईना. माझ्या बहिणीची धडधाकट पिशवी कापून फेकली होती, आणि माझ्यासाठी त्या महिन्यातली सगळ्यांत चांगली बातमी हीच होती. ती ऐकून मी मोकळा श्वास सोडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग अक्काचा आवाज आला. "साहेब, म्हंजी व्हती का न्हवती?" डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी कागदाकडं पाहिलं, तारीख वाचली असावी, मग तिच्याकडं, मग माझ्याकडं. "नव्हती, बाई," ते हळू म्हणाले. अक्कानं पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाली, "बरं."

बाहेर आल्यावर वनमालेनं एवढंच विचारलं, "तुम्ही तेव्हा वाचलं होतं हे?" आणि ती माझ्या हातातली फाइल घेऊन रक्ततपासणीच्या काउंटरवर गेली आणि रांगेत आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. अक्का म्हणाली, "मला गाडीत बशीव." मी म्हणालो, जेवून जा, सायली वाट बघतेय. ती चालायला लागली होती. रिक्षात ती बाहेर बघत होती. मी बोलत होतो. भलतंच बोलत होतो, मंगळवारी किती वाजता निघायचं, संभाजीनगरला कुठं उतरायचं, हे ऑपरेशन सगळ्यांना जमत नाही, हे डॉक्टर त्यात नावाजलेले आहेत. स्टँडवर पाटोद्याची गाडी लागलेली होती. तिला चढवून खिडकीजवळ बसवलं आणि मी खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. आता बोललं पाहिजे असं वाटलं. "अक्का, त्या डॉक्टरनं तवा लई जणींना फशिवलं," मी म्हणालो. कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून गावची बोली आली, आणि तीही असल्या कामासाठी. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, ओळख पटवत असल्यासारखं.

"डॉक्टरला म्या कुटं वळखत व्हते?" ती म्हणाली. "म्या तुला वळखत व्हते."

मी खिडकीचा गज धरून उभा होतो. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मला वाटलं आता ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल, म्हणजे ते घेऊन मला घरी जाता येईल. तिनं तसलं काही केलं नाही. ती मनात काहीतरी जुळवत होती. मग म्हणाली, "माज्यानंतर म्या नऊ जनींना न्हेलं तितं." मला आधी कळलंच नाही. "कुठं?" "त्याच दवाखान्यात. मला इचारायच्या ना समद्या. पोट दुकायलंय, काय करू, छबुबाई? म्या म्हनायचे, चल, माज्यासंगं चल. कावून भेती? माज्या भावानं वाचलंय, त्यो बीएस्सी हाय, त्यो खोटं कावून बोलंल? काही येत न्हवत्या, त्यांच्या घरी जाऊन बसले म्या. हाताला धरून न्हेलं." तिचा आवाज अगदी रोजचा होता. खाली चिवडेवाला ओरडत होता, कंडक्टर दाराशी कुणाशी तरी सुट्या पैशांवरून भांडत होता. मी म्हणालो, "अक्का, तुझा काय दोष त्यात?" ते तिच्यापर्यंत पोचलंही नाही. तिनं उजव्या हाताचं बोट डाव्या करंगळीवर ठेवलं. "चंद्रभागाबाई," ती म्हणाली. "पयली तीच. मग शहादेवची बायकू. अजिनाथाच्या दोन्ही सुना, धाकटीला तर एकच लेकरू व्हतं. इठाबाई. तिची जाऊ. कुंभाराची सुमन, तिला लगीन हून चारच वरसं झालती, बावीस-तेवीसची आसंल."

"मी येईन गावाला," मी म्हणालो. "बरा झालो की येईन. घरोघर जाऊन सांगेन मी."

तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती पुटपुटत होती, आणखी एक नाव घेतलं, ते गाडी सुरू झाल्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग तिचं बोट पुढच्या बोटावर येऊन थांबलं. आठ झाली होती. नववी कोण, ते तिला आठवेना, आणि गाडी हलली.